लीचुन ते पाडवा: पुणेकरांसाठी चिनी वसंतचर्या

चिनी सौर पंचांगात वर्षाचे २४ भाग आहेत. त्यातला पहिला, लीचुन, ४ फेब्रुवारीच्या सुमारास लागतो आणि तिथून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्यांचा वसंत चालतो. हा हिशेब पीत नदीच्या खोऱ्यात बसवलेला, कडाक्याच्या थंडीतून बाहेर पडणाऱ्या मुलखाचा. पुण्यात तो जसाच्या तसा उचलून चालत नाही. आपल्याकडे एप्रिल म्हणजे अडतीस-एकोणचाळीस अंश आणि नळाला दुपारी कढत पाणी. तेव्हा ‘वसंत आहे, अंगातली ऊर्जा वर येऊ द्या’ असं सांगणाऱ्याला खुशाल दुपारी दोन वाजता लक्ष्मी रोडवर उभं करावं.

आपला वसंत आखूड आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून साधारण पाडव्यापर्यंत. पाडवा कधी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात येतो, कधी एप्रिलच्या दुसऱ्या, म्हणून मी तारखेपेक्षा पंख्याकडे बघते. रात्री पंखा तीनवर केल्याशिवाय डोळा लागेना, की वसंत संपला. पुढे सांगते आहे ते तेवढ्या दिवसांपुरतं.

मी घरी बसून प्रूफं तपासते. पाडव्याच्या मुहूर्तावर पुस्तक काढायची प्रकाशकांना भारी हौस, त्यामुळे माझे फेब्रुवारी-मार्च म्हणजे चुरचुरणारे डोळे, आखडलेली मान आणि घरच्यांवर खेकसणं. शेजारचे काका चाकणच्या एका कारखान्यातर्फे काही वर्षं चीनमध्ये, सूचौला होते. तिथल्या बागेत म्हाताऱ्याकोताऱ्यांबरोबर सकाळचे व्यायाम शिकून आले. माझं रडगाणं ऐकून म्हणाले, “अगं, तुझं सगळं दुखणं एकाच खात्यातलं आहे.”

ते खातं यकृताचं. चिनी वैद्यकात वसंत, लाकूड हे तत्त्व, यकृत, डोळे, स्नायूंचे बंध, राग, वारा, हिरवा रंग आणि आंबट चव हे सगळं एका ओळीत बसतं. यातलं यकृत म्हणजे सोनोग्राफीत दिसणारा अवयव नव्हे. अंगातला प्रवाह न अडखळता चालू ठेवण्याचं काम त्यांनी या नावाखाली घातलं आहे. तो अडला की चिडचीड, बरगड्यांत ताण, जड डोकं, लाल डोळे. तेव्हा डोळे पिवळे दिसत असतील, लघवी गडद होत असेल, पोटात उजवीकडे वरच्या बाजूला दुखत असेल, तर इथेच वाचन थांबवा आणि डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासा. त्याला टेकडी आणि चहा पुरणार नाही.

पहाट

‘हुआंगदी नेइजिंग’ हा सुमारे २,००० वर्षांपूर्वीचा ग्रंथ. वसंतात काय करावं, हे त्यात अगदी थोडक्यात आहे: रात्री जरा उशिरा झोपा, लवकर उठा, केस मोकळे सोडा, कपडे सैल घाला, अंगणात ऐसपैस पावलं टाकत फिरा. ‘उशिरा झोपा’ हे वाचून कोणी खूश होऊ नये. ते हिवाळ्याच्या मानानं म्हटलं आहे, आणि तो हिवाळा दिवे लागले की झोपणाऱ्यांचा. चिनी वैद्यांच्याच घड्याळात रात्री ११ ते १ पित्ताशयाची वेळ, १ ते ३ यकृताची. त्या वेळी माणूस झोपलेला असावा. मी अकराला फोन स्वयंपाकघरात ठेवून येते.

अंगण आता कोणाकडे राहिलंय? पण टेकड्या आहेत. हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, तळजाई, ज्याला जी जवळ ती. घाम काढायला किंवा पावलांचा आकडा गाठायला जायचं नाही, हात सैल सोडून रमतगमत जायचं. मनगटावरच्या घड्याळाशी स्पर्धा करत, ‘एक्स्क्यूज मी’ म्हणत मागून धक्के देणारी मंडळी टेकडीवर असतात. त्यांचं यकृत त्यांना लखलाभ. फेब्रुवारीत वनखात्यानं लावलेल्या गिरिपुष्पाला गुलाबी तुरे येतात, काटेसावर लाल होते, मार्चमध्ये पिंपळाची तांबूस पालवी फुटते. ते बघणं हा या चर्येचाच भाग आहे, कारण त्याच ग्रंथाच्या मते फार वेळ टक लावून बघत राहिल्यानं रक्त झिजतं. रक्ताचं मी सांगत नाही, पण दिवसभर हातभर अंतरावरची अक्षरं बघणाऱ्या डोळ्यांना लांबची झाडं दाखवावीत हे नेत्रतज्ज्ञही सांगतात. माथ्यावर पोचलं की पाच मिनिटं क्षितिजाकडे बघत उभी राहते. तेवढ्यात कोणी गप्पा मारायला आलंच, तर बोलते पण नजर हलवत नाही. लोकांना ते विचित्र वाटतं.

कपडे सैल हवेत पण कमी नकोत. वसंतात गरम कपडे घाईनं काढू नका, असं चिनी म्हणच सांगते, आणि पुण्याच्या फेब्रुवारीला ती चपखल लागू पडते. पहाटे बारा-चौदा अंश, दुपारी बत्तीस. दुपार बघून माणूस स्वेटर माळ्यावर टाकतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शिंकतो. वारा मानेच्या मागच्या बाजूनं अंगात शिरतो असं चिनी वैद्य मानतात. दुचाकीवर डोकं-मान गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवणाऱ्या पुण्यातल्या मुलींची जगभर थट्टा झाली, पण एखाद्या चिनी वैद्यानं त्यांना शाबासकी दिली असती. होळीपर्यंत पहाटे निघताना गळ्याभोवती ओढणी किंवा मफलर ठेवाच.

दोन हालचाली

काकांनी शिकवलेल्या व्यायामाचं नाव बादुआनजिन. आठ हालचालींचा संच आहे, आठशे-नऊशे वर्षं तरी जुना. २००३ मध्ये चीनच्या क्रीडा खात्यानं त्याची एक प्रमाण आवृत्ती काढली, तिचे व्हिडिओ सहज मिळतात. आठही करा, पण वेळ नसेल तर वसंतात मी दोनच करते.

पहिली, धनुष्य ओढण्याची. पाय खांद्यांपेक्षा जास्त फाकवून गुडघ्यांत थोडं वाका. डावा हात डावीकडे सरळ, तळवा उभा, अंगठा आणि तर्जनी उघडी. उजव्या हातानं छातीशी दोरी ओढल्याचा आव. नजर डाव्या तर्जनीच्या पलीकडे. छाती उघडते, बरगड्यांची बाजू ताणते. मग दुसरी बाजू.

दुसरी खास यकृताची: मूठ वळून डोळे वटारणं. तसंच वाकून उभं राहायचं, अंगठा आत घेऊन दोन्ही मुठी कमरेशी. एक मूठ सावकाश, ताकद लावून समोर न्यायची आणि जाताना डोळे मोठे करून समोर रोखून बघायचं, अगदी खाष्ट सासूसारखं. मग बोटं उघडून मनगट फिरवायचं, हवा मुठीत पकडल्यासारखी मूठ मिटून परत कमरेशी. दोन्ही बाजूंनी तीन-तीनदा. श्वास रोखायचा नाही. गुडघे कुरकुरत असतील तर कमी वाका. उभ्या उभ्या केलं तरी चालतं. सोसायटीच्या गच्चीवर करणार असाल तर समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणारं कोणी नाही ना, तेवढं बघून घ्या.

बोटांनी दाबायच्या जागा

ताइचोंग: पायाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यातून घोट्याकडे बोट सरकवत जा. दोन हाडं जिथे एकत्र येतात त्याच्या अलीकडे खळगा लागतो. बरोबर जागी दाबलं की ठणका कळतो. अंगठ्यानं मिनिटभर गोल गोल दाबा, मग दुसरा पाय. यकृतासाठी वसंतात एकच जागा निवडायची तर ही.

फेंगची: कवटीच्या तळाशी, मानेच्या दोन जाड स्नायूंच्या बाहेरच्या कडेला दोन खळगे असतात. दोन्ही अंगठे तिथे ठेवून डोकं किंचित मागे रेलू द्या. एका फर्म्याची सोळा पानं झाली की मी हे करते. मान आणि डोळे दोन्ही सैल पडतात.

हेगु: हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या मांसल भागात. गरोदर बायकांनी ही जागा दाबायची नाही, असं चिनी परंपराच सांगते. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असतील किंवा पायात रक्ताची गुठळी झाली असेल, तर यातलं काहीच जोरात दाबू नका.

याच जागांवर सुया टोचणं हे मात्र घरगुती काम नाही. महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. जिथे जाल तिथे नोंदणी विचारा आणि सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघते का ते बघा.

ताट

इथे बहुतेकांची उलटी समजूत असते. वसंताची चव आंबट, म्हणून आंबट खा, असं मोबाइलवर फिरत असतं. सातव्या शतकातला वैद्य सुन सिमियाओ नेमकं उलट सांगतो: वसंतात आंबट कमी करा, गोड वाढवा. त्याचं कारण असं की या दिवसांत यकृत आधीच जोरात असतं. आंबटानं ते आणखी चढतं आणि पचनाच्या खात्यावर, म्हणजे प्लीहेवर, दादागिरी करतं. म्हणून पचनाला गोडाचा आधार द्यायचा. गोड म्हणजे साखर नव्हे. भात, रताळं, गाजर, खजूर, लाल भोपळा यांची मुळातली सौम्य गोडी.

आपला आयुर्वेदही वसंतात आंबट टाळायला सांगतो, पण त्याच दमात गोड आणि जडही टाळायला सांगतो, कारण त्याच्या लेखी हे कफ वितळण्याचे दिवस. मी दोघांचं जिथे जुळतं तेवढं घेते. आमटीतली चिंच निम्मी, दही दिवसाआड, मार्चमध्ये मंडईत पहिली कैरी दिसली तरी हात आखडता. गोडाच्या बाबतीत रताळं आणि दोन खजूर इथपर्यंत चिनी वैद्याचं ऐकते. पाडव्याच्या श्रीखंडाचा प्रश्न दोन्ही शास्त्रांच्या बाहेर ठेवावा.

चिनी घरांत वसंतात लसणाच्या जातीची कोवळी पात आवर्जून खातात. कोंबासारखं वर येणारं, थोडं तिखट असं काहीतरी हवं. आपल्याकडे कांद्याची पात आणि लसणीची पात आहेच. पातीचा झुणका, वर लसणीची पात बारीक चिरून, सोबत ज्वारीची भाकरी. फेब्रुवारीत हरभऱ्याची कोवळी भाजी मिळते, मेथी असते, चाकवत असतो. चाकवताला ताक लावायचं तर गोडं लावा. पालेभाजी फार शिजवू नका. हिरवी राहील इतकीच परता.

शेवंतीचा चहा

डोळ्यांसाठी चीनमध्ये सर्रास घेतात तो शेवंती आणि गोजी बेरी, म्हणजे वाळवलेली छोटी लाल फळं, यांचा चहा. कपाला पाच-सहा वाळलेली फुलं, दहा-बारा गोजी. पाणी उकळून दोन मिनिटं थांबा, मग ओता, वर झाकण ठेवा. पाच मिनिटांनी प्या. साखर नको. गोजी शेवटी चावून खायची.

मार्केट यार्डातून हाराची शेवंती आणून वाळवायचा बेत कोणी करत असेल तर करू नका. ती फुलं खाण्यासाठी पिकवलेली नसतात, त्यांच्यावर काय काय फवारलेलं असतं. खाण्यासाठी म्हणून विकलेली वाळकी फुलंच घ्या.

आणि खास पुणेकरांसाठी एक सूचना. गाजर गवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो, त्याची भारतातली पहिली ठळक नोंद पुण्यातलीच, १९५५-५६ च्या सुमाराची. ते आणि शेवंती एकाच कुळातले. ज्यांना गाजर गवतानं अंगाला खाज सुटते किंवा दमा उठतो, त्यांनी हा चहा घेऊ नये. एकाची अॅलर्जी दुसऱ्यालाही लागू पडू शकते. वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवायची गोळी घेणाऱ्यांनी गोजी टाळावी. तिच्यानं औषधाचा परिणाम वाढल्याच्या नोंदी आहेत.

चहापलीकडची चिनी काष्ठौषधं ऑनलाइन मागवू नका. ‘हे शौ वू’ हे केस काळे करण्यासाठी विकलं जाणारं मूळ तर खुद्द यकृतालाच इजा करतं, हे चांगलं नोंदलेलं आहे.

राग

रागावू नका असा सल्ला चिनी वैद्य देत नाहीत. दाबून ठेवू नका म्हणतात. त्यांच्या श्वासाच्या व्यायामात सहा ध्वनी आहेत, त्यातला यकृताचा ‘श्यू’. ओठ पुढे काढून, डोळे उघडे ठेवून, श्वास सोडताना हळू, लांबवर ‘श्यूऽऽ’. सहा वेळा. नळस्टॉपच्या सिग्नलला हेल्मेटच्या आत हे छान जमतं. लेखकानं तिसऱ्या प्रुफात अख्खा परिच्छेद नव्यानं लिहून पाठवला की मी आधी हे करते आणि मगच फोन उचलते. घरातही नियम केला आहे: आई ‘श्यू’ करत असेल तेव्हा पैसे मागायचे नाहीत.

पंखा तीनवर गेला की

मफलर धुऊन ठेवा. टेकडी साडेसातच्या आत उरका. पातीचं तिखट कमी करा. शेवंतीचा चहा मानवत असेल तर चालू ठेवा, कारण चिनी वैद्यकात शेवंती थंडच मानतात. फक्त निवू देऊन प्या. आंबटावरची बंदी उठते, कारण उन्हाळ्याचं खातं हृदयाचं आणि घामावाटे जे जातं ते आंबट चव धरून ठेवते असं त्यांचं म्हणणं. पन्हं करायला हरकत नाही. डोळे वटारायचा व्यायाम मात्र मी जूनपर्यंत करते, कारण पाडवा होऊन गेला तरी काही पुस्तकं छापून व्हायची राहिलेली असतात.