मुंबईहून मुरूडला शिडाच्या होडीने निघताना: किनाऱ्यावरच्या खुणांची तयारी

लाइफ जॅकेट, पाणी, व्हीएचएफ रेडिओ, भरती-ओहोटीचं कोष्टक हे सांगायला नको. डेहराडूनच्या हायड्रोग्राफिक ऑफिसचा नकाशा कागदीच घ्या, ताजा घ्या. मोबाइलवर उन्हात काही दिसत नाही.

आता मुख्य काम. वाटेतल्या प्रत्येक खुणेचा आकार लिहून काढा. रंग नव्हे, आकार! मागच्या वेळी कागदावर नुसते रंग होते आणि सकाळभर एकही रंग दिसला नाही. दक्षिणेला जाताना किनारा डाव्या हाताला, आणि सूर्य त्याच्याच मागून वर येतो. लाल बोया (पाण्यात तरंगणारी खूण) काय, हिरवा काय, दोन्ही काळेच. दिसतो तो आकार: लाल तो चपट्या माथ्याचा डबा, हिरवा तो शंकू. बंदरात शिरताना डबा डावीकडे, शंकू उजवीकडे. धोक्याच्या कुठल्या बाजूने जायचं ते सांगणाऱ्या पिवळ्या-काळ्या खुणांचे पट्टे तर मुळीच कळत नाहीत, म्हणून माथ्यावरचे दोन शंकू बघा. टोकं वर तर उत्तर, खाली तर दक्षिण, बुडाला बूड तर पूर्व, टोकाला टोक तर पश्चिम. जी दिशा, त्या बाजूने जायचं. एकावर एक दोन काळे गोळे म्हणजे तिथेच खडक किंवा तसलाच धोका, लांब राहा. हे पाठ आहे म्हणू नका, लिहा.

खांदेरीवर १८६७चा दीपस्तंभाचा अष्टकोनी मनोरा आहे, शेजारच्या उंदेरीवर तसा नाही. काही कोनांतून दोन्ही बेटं एकच वाटतात, तेव्हा मनोरा शोधायचा. पुढे अलिबागसमोर कुलाबा किल्ला, मग रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी कोर्लईची समुद्रात घुसलेली लांब सोंड. मुरूडसमोर उघड्या पाण्यात पद्मदुर्ग; जंजिरा त्याच्या पुढे, राजापुरी खाडीच्या तोंडाशी. दोन्ही पाण्यातलेच किल्ले, म्हणून तटाचा आकार घरीच फोटोत नीट बघून घ्या. इथेही आकारच.

एकाच खुणेवरून आपली जागा ठरवू नका. हातातल्या होकायंत्राने निदान दोन खुणांची दिशा घ्या, तिसरी मिळाली तर उत्तम. बांबूवरचे झेंडे जाळ्यांचे असतात, नकाशात सापडणार नाहीत; डोल (पाण्यात बांधून ठेवलेलं मासेमारीचं जाळं) कुठे लागलीय ते निघण्याआधी तिथल्या तांडेलाला, म्हणजे मासेमारी होडीच्या प्रमुखाला, विचारा.

दुर्बीण सात बाय पन्नास (सातपट मोठं दाखवणारी, पन्नास मिलिमीटर भिंगाची), त्याहून मोठी हलत्या होडीत स्थिर राहत नाही. पेन्सिल, खोडरबर. दुपारनंतर ऊन पाठीवर येतं, रंग दिसू लागतात, पण वाराही वाढतो. आकारांचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून सुकाणूपाशी बांधा, बॅगेत नको.