जुन्या पेपरातला ‘दणदणीत विजय’ कसा वाचायचा

आमच्या बडोद्यात जुन्या घरातली आजोबांची ट्रंक उघडली की पेपरची कात्रणं निघतातच, पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली, तारीख बहुतेक कापतानाच गेलेली. आणि वाचायला घेतलं की पहिल्याच ओळीत कोणीतरी कोणाचातरी धुव्वा उडवलेला असतो.

तर आधी मथळा सोडा आणि डायरेक्ट खाली आकडा शोधा. १९४५-४६ च्या रणजी फायनलमध्ये इंदूरला होळकर टीमनं बडोद्याला ५६ रननी हरवलं, आणि पुढच्याच वर्षी बडोद्यात आपण त्यांना एक डाव आणि ४०९ रननी. हजारे २८८, गुल महंमद ३१९, दोघांची पार्टनरशिप ५७७! दणदणीत हा शब्द या दुसऱ्या मॅचला शोभतो. पहिलीला कोणी ‘सपशेल लोळवलं’ लिहिलं असेल तर लिहिणारा कुठल्या गावचा ते कळलं, कारण बडोद्यानं शेवटच्या डावात ३६१ केले होते आणि लोळलेली टीम एवढे करत नाही.

मग शब्द कुठून उचललाय ते बघा. चारी मुंड्या चीत, अस्मान दाखवलं, हे तालमीतले. कुस्तीत पाठ टेकली की संपलं, मधलं काही नसतं, म्हणून हे शब्द इलेक्शनच्या बातमीत आले की समजायचं, समोरच्यानं जी काय मतं खाल्ली ती लिहिणाऱ्याला सांगायची नाहीयेत. ‘विजयश्रीने माळ घातली’ हे स्वयंवरातलं, आता माळ तिनंच घातली म्हटल्यावर जिंकणाऱ्यानं नक्की काय केलं हे लिहायलाच नको, सोय झाली. अटकेपार झेंडे १७५८ चे आणि पानिपत १७६१ चं, मधे तीनच वर्षं. त्यात आपण दुसऱ्याचं ‘पानिपत करतो’, म्हणजे स्वतःच्या हारीचं नाव काढून दुसऱ्याच्या हारीला चिकटवतो, हे मला कायम विचित्रच वाटत आलंय.

क्रियापदं पण सोडू नका हां. समोरचा हरला की ‘धूळ चारली’, आपला हरला की ‘पराभव पत्करावा लागला’. त्या ‘लागला’मध्ये सगळी मजा आहे, जसं काही पाऊस आला आणि भिजावं लागलं, दोष कोणाचाच नाही. आणि ‘नैतिक विजय’ दिसला तर पुढे वाचायची गरज नाही, हरलेत.

शेवटी झेरॉक्स काढा (ओरिजिनलवर नको, आणि सेलोटेप तर अजिबात लावू नका, पुढे डाग पडतो) आणि पेन्सिलनं सगळी विशेषणं खोडा. आमच्या आजोबांच्या एका कात्रणाचं मी असं केलं तर आठ ओळींतल्या जेमतेम दोन उरल्या आणि त्यात स्कोअरच नव्हता. तो आजोबांनीच बाजूच्या कोऱ्या पट्टीवर बारीक अक्षरात लिहून ठेवला होता.