सोलापूरच्या उन्हाळ्यात ईसीजी काढताना

हृदयाची स्नायूपेशी निवांत असते तेव्हा तिच्या आतला विद्युतदाब बाहेरच्यापेक्षा ९० मिलिव्होल्टने कमी असतो. सोडियमची दारं उघडली की एक-दोन मिलिसेकंदांत तो शून्याच्याही वर जातो. मग कॅल्शियम आत येत राहतं, म्हणून पेशी दोनेकशे मिलिसेकंद तशीच तग धरते, आणि पोटॅशियम बाहेर पडलं की पुन्हा मूळ पदावर येते. ईसीजीच्या कागदावर सोडियमच्या लोंढ्याचा क्यूआरएस (उंच, टोकदार भाग) दिसतो, पोटॅशियमच्या परतीची टी लहर (त्यामागचा गोलसर उंचवटा). पण कातडीपर्यंत यातलं जेमतेम एखादं मिलिव्होल्ट पोचतं. सगळा खटाटोप तेवढ्यासाठी.

मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना नवी पेठेतून चालत आलेला माणूस घामाने निथळत असतो. इलेक्ट्रोड लावायच्या दहाही जागा (हातापायांच्या चार, छातीवरच्या सहा) कोरड्या टॉवेलने पुसा (आपला सोलापुरी टॉवेल घाम चांगला टिपतो), केस दाट असतील तर तेवढेच काढा, जेली वाटाण्याएवढीच लावा. छातीवरची जेली एकमेकींत मिसळली की छातीच्या सहा लीड्स (कागदावरच्या वेगवेगळ्या रेघा) जवळपास एकसारख्या येतात. मात्र छातीत दुखत असेल आणि घाम थंड असेल, तर तो उन्हाचा समजू नका. पहिल्या १० मिनिटांत ईसीजी निघालाच पाहिजे.

लाल वायर उजव्या हाताला, पिवळी डाव्या, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या. काही मशिनचे रंग वेगळे असतात, तिथे वायरवरची अक्षरं वाचा.

छातीवरच्या सहा जागांना (व्ही१ ते व्ही६) अंदाजपंचे चालत नाही. गळ्याच्या खळगीतून बोट खाली सरकवा. चार-पाच सेंटिमीटरवर आडवा उंचवटा लागतो. त्याच्या शेजारची बरगडी दुसरी, तिच्याखालची फट दुसरी. तिथून चौथी फट मोजा: छातीच्या हाडाच्या उजवीकडे व्ही१, डावीकडे व्ही२. मग व्ही४ पाचव्या फटीत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्याखाली. व्ही३ हा व्ही२ आणि व्ही४ यांच्या मधे. व्ही५, व्ही६ व्ही४ च्याच आडव्या रेषेत, काखेकडे. व्ही१-व्ही२ वर चढवणं ही नेहमीची चूक. त्याने नसलेला आजार कागदावर उमटतो.

कागदाचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर, उंची मिलिव्होल्टला १० मिलिमीटर. रेघ लाटांसारखी डुलली तर घाम किंवा श्वास. एका मोठ्या चौकोनात बारीक, सारखे दहा दाते आले तर ते घरच्या विजेचे, ५० हर्ट्झचे: कूलरचा प्लग काढा, मशिन बॅटरीवर घ्या. मशिनचा फिल्टर शेवटी, कारण तो खरी टोकंही बोथट करतो. लीड १ उलटी आणि एव्हीआर (एरवी उलटी असणारी लीड) सुलटी दिसली तर आधी हाताच्या वायरी तपासा.

कागदावर नाव, वेळ आणि त्या क्षणी छातीत दुखत होतं की नाही, हे लगेच लिहा.