एनर्जीप्लसला कूलप्रॉप जोडताना: मोसंबीच्या कोल्ड स्टोरेजवरचा अनुभव

आमच्या घरी अंबड तालुक्यात मोसंबीची बाग आहे, त्यामुळं फायनल इयरला प्रोजेक्ट कशावर करायचा याचा फार विचार करावा लागला नाही. जालन्याजवळ अमोनियावर चालणारं एक जुनं कोल्ड स्टोरेज आहे, तिथं उन्हाळ्यात लाईट बिल एवढं कशानं वाढतं ते एनर्जीप्लसमध्ये (इमारतीला किती ऊर्जा लागते याचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) मॉडेल करून बघायचं होतं. एनर्जीप्लस खोलीचा हीट लोड चांगला काढतं, त्याच्याकडं रेफ्रिजरंटची (थंड करायला मशीनमध्ये फिरणारा पदार्थ, इथं अमोनिया) स्वतःची टेबलं पण असतात, पण मला कॉम्प्रेसरच्या आत-बाहेरची एन्थाल्पी (रेफ्रिजरंटच्या दर किलोमागं किती ऊर्जा आहे तो आकडा) माझ्या पद्धतीनं काढायची होती. त्यासाठी फ्लुइडचे गुणधर्म काढून देणारी लायब्ररी लागते. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेचं रेफप्रॉप विकत घ्यावं लागतं, कूलप्रॉप फुकट आहे, सोर्स कोड उघडा आहे आणि शंभरच्या वर फ्लुइड आहेत. म्हणून ते जोडायचं ठरवलं.

जे कुणी आत्ता हे सुरू करायलेत त्यांना पहिलं सांगतो, जोडायच्या आधी लायब्ररी एकटी चालवून बघा. एनर्जीप्लस बंद ठेवा, साधी पायथनची फाईल उघडा आणि १०१३२५ पास्कलला पाणी किती तापमानाला उकळतं ते विचारा. ३७३.१२ केल्विन आलं म्हणजे लायब्ररी नीट बसली. आमच्या ग्रुपनं हे केलं नाही, थेट जोडलं, आणि मग चूक लायब्ररीत आहे का मॉडेलमध्ये हेच कळंना.

जोडणीत अडचण एकच मोठी आली. एनर्जीप्लसमध्ये ९.३ पासून पायथन प्लगिन आहे, पण ते त्याच्यासोबत आलेला पायथन वापरतं, तुमच्या कॉम्प्युटरवरचा नाही. तुम्ही पिपनं (पायथनची पॅकेजं टाकायचं साधन) कूलप्रॉप टाकलं तरी ते त्याला दिसत नाही, सर्च पाथ द्यावा लागतो, आणि दोन्ही पायथनचं व्हर्जन सारखं नसलं तर पाथ देऊन पण लोड होत नाही. ट्रान्सिस १७ हे दुसरं सिम्युलेशन सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचं असंच डीएलएलवर (विंडोजची लायब्ररी फाईल) अडतं, ते ३२ बिटचं आहे, त्याला ६४ बिटची फाईल चालत नाही.

आता खरा त्रास. कूलप्रॉपला प्रेशर पास्कलमध्ये आणि अॅब्सोल्युट लागतं, आणि प्लँटवरचं गेज दाखवतं गेज प्रेशर, म्हणजे हवेच्या दाबाच्या वर किती तेवढंच. वर्गात हे सगळ्यांना येतं, पण रात्री दोन वाजता कोड लिहिताना राहून जातं. आमच्या सक्शन गेजवर (कॉम्प्रेसरमध्ये वाफ शिरते त्या बाजूचं) २.५ बार होतं, मी तेच टाकलं तर अमोनियाचं इव्हॅपोरेटर (खोलीतली उष्णता ओढणारा भाग) तापमान उणे १४ अंशांच्या जवळ आलं. तिथले ऑपरेटर काका वीस वर्षं तेच मशीन चालवतात, ते लगेच म्हणले, "नाही बाळा, एवढं खाली आपलं कधीच जात नाही, सहाच्या आसपास असतं उणे." हवेचा दाब मिळवला, आणि तो पण १.०१ नाही बरं का, जालना समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटरवर आहे म्हणून ०.९५ बार धरायचा, तर ३.४५ बार झालं आणि तापमान बरोबर उणे सहाच्या जवळ. आठ अंशांचा फरक! तेवढ्यानं कॉम्प्रेसरची सगळी पॉवर चुकत होती. दमट हवेचा हिशोब करतानाही हाच दाब द्या, डोळे झाकून १०१३२५ टाकू नका.

दुसरी गोष्ट रेफरन्स स्टेट, ही मला कुणी आधी सांगितली असती तर महिना वाचला असता. एन्थाल्पीला शून्य कुठं धरायचं हे ठरवून घेतलेलं असतं. आयआयआर (रेफ्रिजरेशनची आंतरराष्ट्रीय संस्था) पद्धतीत ० अंशाला सॅच्युरेटेड, म्हणजे उकळायच्या बेतातल्या, लिक्विडची एन्थाल्पी २०० किलोज्यूल प्रति किलो धरतात, अॅशरे (अमेरिकेतली इंजिनिअरांची संस्था) पद्धतीत उणे ४० अंशाला शून्य. कॉलेजच्या लॅबमधल्या आर-१३४ए या रेफ्रिजरंटवर चालणाऱ्या शिकायच्या मशीनवर सराव करताना मी इव्हॅपोरेटरमधून निघणाऱ्या वाफेची एन्थाल्पी पुस्तकातल्या टेबलातून घेतली, ० अंशाला २५० किलोज्यूल प्रति किलो, आणि कंडेन्सरमधून (वाफेचं परत लिक्विड करणारा भाग) येणाऱ्या ३५ अंशांच्या लिक्विडची कूलप्रॉपमधून, ती आली २४९. वजाबाकी केली तर कूलिंग जवळपास शून्य, आणि समोर मशीनवर तर बर्फ साचलेला! पुस्तक अॅशरेवर होतं, लायब्ररी आयआयआरवर, दोन्हीत साधारण १४८ चा फरक. दोन्ही आकडे एकाच ठिकाणाहून घेतले की उत्तर १५० च्या आसपास येतं. रेफरन्स बदलायचं फंक्शन कूलप्रॉपमध्ये आहे पण ते प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला एकदाच लावा, मधेच लावलं तर आधीचे आकडे एका पद्धतीचे आणि नंतरचे दुसऱ्या.

सॅच्युरेशनच्या रेषेवर (लिक्विड आणि वाफ सोबत असतात तिथं) असताना तापमान आणि प्रेशर दोन्ही देऊ नका, तिथं एक ठरलं की दुसरं आपोआप ठरतं, लायब्ररी एरर देऊन थांबते आणि वर्षभराचं सिम्युलेशन मधेच पडतं. प्रेशर आणि क्वालिटी (त्यात वाफेचा हिस्सा किती) द्या, नाहीतर प्रेशर आणि एन्थाल्पी.

स्पीडचं पण बघा. दहा मिनिटांची स्टेप धरली तर वर्षाच्या ५२५६० स्टेप होतात, प्रत्येकीत पाच-सहा वेळा लायब्ररीला विचारायचं, वर इटरेशन वेगळे. दरवेळी फ्लुइडचं नाव देऊन विचारण्यापेक्षा अॅब्स्ट्रॅक्टस्टेट (फ्लुइडची अवस्था धरून ठेवणारा कूलप्रॉपचा ऑब्जेक्ट) एकदाच बनवून ठेवा आणि तेच अपडेट करत राहा. तरी हळू वाटलं तर बायक्युबिक टेबल (आधीच काढून ठेवलेल्या आकड्यांवरून उत्तर देणारं) वापरा, पहिल्यांदा टेबल बनायला वेळ लागतो, नंतर पळतं.

मी एक छोटी टेस्ट फाईल करून ठेवलीय, त्यात तीनच आकडे आहेत, पाण्याचा वर सांगितलेला ३७३.१२, ० अंशाला अमोनियाचा सॅच्युरेशन दाब ४.२९ बार आणि ० अंशालाच आर-१३४ए चा २.९३ बार. व्हर्जन बदललं, लॅपटॉप बदलला की आधी ती चालवतो. ज्युनियरला पण आधी हीच देतो, आणि सोबत काकांचा नंबर.