उन्हाळ्याआधीची टाकी: मातीविना भाजी लावणाऱ्यांसाठी तयारीची यादी

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा मी टाक्यांसाठी राखून ठेवतो. पुण्यात होळीच्या आसपास गच्चीवरचं ऊन बदलतं. एकदा टाकीतलं पाणी तापू लागलं की सावली बांधायला, नळ्या सोडवायला उसंत मिळत नाही, कारण तेव्हा रोपं आत असतात. खाली जे लिहिलंय ते लेट्यूस, बेसिल, माठ अशा पालेभाज्यांसाठी आहे. शंभरेक लिटरच्या टाकीतलं खत मिसळलेलं पाणी मुळांखालून फिरवणाऱ्या नळ्या किंवा त्या पाण्यावर रोपं धरणारे तरंगते तराफे असतील, तर ते जसंच्या तसं लागू पडेल.

पहिली वस्तू आणायची ती पाण्यात बुडवता येणारा थर्मामीटर. पीएच (पाण्याची आम्लता) आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजायचे मीटर सगळेच घेतात, पण पाण्याचं तापमान क्वचितच कुणी मोजतं. मीही मोजत नव्हतो. तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये लेट्यूसची अख्खी बॅच चार दिवसांत गेली. दुपारी पानं माना टाकायची. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून पंप दिवसभर चालू ठेवला. शेवटी टाकीत हात घातला, तर पाणी अंघोळीला काढल्यासारखं कोमट. बुडालेला पंपसुद्धा पाणी तापवतो, हे तेव्हा लक्षात आलं.

२० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळलेला राहू शकतो, ३० अंशांना साडेसात. आकडा फार घसरलेला दिसत नाही, पण त्याच उष्णतेनं मुळांचा आणि पाण्यातल्या जिवाणूंचा श्वास वाढलेला असतो. मुळांना हवा जास्त हवी असते नेमकी तेव्हाच ती कमी पडते. अशा गुदमरलेल्या मुळात ते कुजवणारा पिथियम शिरतो. त्याला आपण बुरशी म्हणतो, पण तो खऱ्या बुरशींच्या कुळातला नाही. त्याचे बीजाणू पाण्यात पोहत जातात, त्यामुळे एका रोपाचं दुखणं सामाईक टाकीतून सगळ्या नळ्यांत पसरतं. म्हणून माझ्या यादीत औषधं शेवटी येतात. सावली, गारवा आणि हवा आधी.

टाकी भिंतीच्या उत्तर बाजूला किंवा जिन्याखाली हलवा. हलवता येत नसेल तर वर शेडनेट बांधा आणि टाकीला ओलं गोणपाट गुंडाळा. गोणपाटाचा उपयोग पुणे, नाशिक, नगरच्या कोरड्या हवेत चांगला होतो. मुंबईत किंवा कोकणात हवाच दमट, तिथे ते सुकतच नाही आणि गारवाही देत नाही. बर्फाच्या बाटल्यांवर फार भिस्त ठेवू नका. दोन लिटरची गोठवलेली बाटली शंभर लिटर पाणी जेमतेम दोन अंशांनी उतरवते. एखाद्या वाईट दुपारी तेवढंही कामाला येतं, म्हणून चार बाटल्या फ्रीजरमध्ये असू द्या. जागा असेल तर टाकी मोठी घ्या, जास्त पाणी सावकाश तापतं. लेट्यूसला १८ ते २२ अंश मानवतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये गच्चीवर ते जमत नाही, पण २६च्या आत राहिलं तर मी समाधानी असतो.

मग उजेड. रात्री टाकीत टॉर्च पेटवून ठेवा, झाकण लावा आणि बाहेरून बघा. जिथून प्रकाश झिरपताना दिसेल तिथून दिवसा ऊन आत जातं आणि शेवाळ धरतं. आधी काळा रंग, त्यावर पांढरा, असे दोन हात द्या. नळ्यांवरची रिकामी भोकं बुचांनी बंद करा. शेवाळ दिवसा पीएच वर ढकलतं, रात्री प्राणवायू खातं, आणि मेलं की जिवाणूंचं खाद्य होतं. ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी बांधायची तीही याच दिवशी, डासांच्या अळ्यांसाठी.

आता धुणं. यात क्रम महत्त्वाचा. आधी घासायचं, मग निर्जंतुक करायचं. बुळबुळीत थर तसाच ठेवून ब्लीच ओतलं तर ते त्या थरावरच खर्ची पडतं. मऊ ब्रश घ्या, तारेच्या घासणीनं प्लास्टिकला चरे पडतात आणि पुढची घाण त्याच चऱ्यांत बसते. कोपरे, नळांचे जोड आणि पंपाच्या जाळीमागची पंख्याची चकती उघडून साफ करा. तुटलेल्या मुळांचे धागे तिथेच अडकतात आणि तिथेच कुजतात. मग साधारण ४ ते ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे हेच ब्लीच, लिटरमागे १० मिली या प्रमाणात घालून पंप अर्धा तास फिरवा, पाणी काढून टाका, तीनदा साध्या पाण्यानं खळबळा आणि सगळं उन्हात वाळवा.

एक गोष्ट फार गंभीरपणे सांगतो. ब्लीच आणि आम्ल कधीही एकत्र येऊ देऊ नका. पीएच कमी करायचं द्रावण आम्लच असतं, संडास साफ करायचं द्रावणही बहुधा आम्लच. दोन्ही मिसळली की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद जागेत तो जिवावर बेततो. नळ्यांवरचे पांढरे क्षार काढायला सायट्रिक ॲसिड लागतं, पण ते काम वेगळ्या दिवशी करा, मधे भरपूर पाणी फिरवून.

एअरस्टोन, म्हणजे पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारे सच्छिद्र दगड, धुण्यात वेळ घालवू नका, नवे घ्या. एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंप बुडतो. विजेचं म्हणाल तर एकदा भर दुपारी मेन स्विच बंद करून बघाच. इन्व्हर्टर किती वेळ पंप ओढतो ते घड्याळ लावून मोजा. नळ्यांमधल्या मुळांखाली पाण्याचा नुसता पातळ पदर असतो, मे महिन्यात तो आटायला फार वेळ लागत नाही. तराफ्यावरची रोपं त्या मानानं तग धरतात.

पाणी महापालिकेचं असेल तर रात्रभर उघडं ठेवून एअरस्टोन चालवा, क्लोरीन बरंचसं उडून जातं. बोअरचं असेल तर खत घालण्याआधी ईसी, म्हणजे क्षारांमुळे येणारी विद्युतवाहकता, मोजा. ते बहुतेकदा जड असतं आणि त्यातली बायकार्बोनेटं पीएच पुन्हा पुन्हा वर नेतात. दोन बाटल्यांत येणारी ए आणि बी ही खतं पाण्यात वेगवेगळी मिसळा. घट्ट स्वरूपात एकत्र आली की कॅल्शियम पांढरा गाळ होऊन तळाशी बसतं. पीएच सगळ्यात शेवटी, ५.८ ते ६.२. हिवाळ्यात लेट्यूसला मी ईसी १.६ देतो, उन्हाळ्यात १.२च्या वर जात नाही, कारण रोपं पाणी जास्त पितात आणि मागे उरलेलं द्रावण आपोआप घट्ट होतं. दहा दिवसांनी पूर्ण बदल. काढलेलं द्रावण पातळ करून कुंड्यांना घालता येतं, रोपवाटिकेच्या ट्रेला मात्र नको.

जीवामृत टाकीत घालू का, असं मला बरेच जण विचारतात. घालू नका. मातीत ते उत्तमच, पण टाकीत त्यातलं शेण, गूळ आणि बेसन कुजताना मुळांच्या वाट्याचा प्राणवायू खातात. ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) किंवा बॅसिलस (उपयोगी जिवाणू) वापरत असाल तर हायड्रोजन पेरॉक्साइड घालू नका, ते चांगले-वाईट दोन्ही मारतं. दोन्हींपैकी एकच वाट धरा. चालू बॅचमध्ये मी बॅसिलसकडे झुकतो.

मुळं कशी बघायची ते रोपं लावण्याआधीच हाताला शिकवून ठेवा. निरोगी मूळ पांढरं किंवा सायीच्या रंगाचं असतं. खतातल्या विरघळणाऱ्या लोहानं (चिलेटनं) त्यावर फिकट तपकिरी झाक येते, तिला घाबरून औषध ओतू नका. रंगापेक्षा स्पर्शावर विश्वास ठेवा. मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा. ताठ लागलं आणि वास ओल्या मातीसारखा आला तर ठीक. वरची साल मोज्यासारखी सुटून आत नुसता दोरा राहिला, गटारासारखा वास आला, तर ते रोप त्याच मिनिटाला बाहेर काढा. कंपोस्टमध्येही टाकू नका. मग हात धुऊनच पुढच्या रोपाला लागा. मातीत वाढलेली, नर्सरीतून आणलेली रोपं मुळं धुऊनसुद्धा या टाकीवर लावू नका.

शेवटचे दोन दिवस नुसत्या पाण्यावर पंप चालवा आणि दुपारी ३ वाजताचं तापमान वहीत लिहा. २८च्या वर गेलं तर या खेपेला लेट्यूस सोडा, बेसिल आणि माठ लावा. २८च्या आत असेल तर द्रावण तयार करा, आणि ऊन उतरल्यावर, साडेपाचनंतर, रोपं कपात ठेवा.