जुना टाइपरायटर अडकतोय? आधी तेलाची बाटली बाजूला ठेवा

कोल्हापुरात पाऊस लागला की जुन्या टाइपरायटरवाल्यांची एकच तक्रार, टाइपबार, म्हणजे अक्षराची दांडी, वर जातोय आणि तिथंच उभा राहतोय, मग घरात शिलाई मशीनचं तेल असतंच, ते ओतलं जातं. हीच सगळ्यात मोठी चूक. वडिलांच्या गोदरेजवर मीपण केलीय. दोन दिवस मशीन झकास चाललं, नंतर धूळ, रिबनची शाई आणि तेल मिळून काळा चिकटा झाला आणि निम्मी अक्षरं खाली यायचीच बंद झाली.

टाइपबार ज्या अर्धगोल खाचांमधे बसतात ना तो सेगमेंट, तो कोरडाच पाहिजे. मोबाइल रिपेअरिंगवाले वापरतात ते आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, जुन्या टूथब्रशनं खाचा घासा, प्रत्येक की वीसेक वेळा मारा, खाली फडकं ठेवा, काळं पाणी येईल ते टिपा आणि परत घासा, माझं तिसऱ्या खेपेला सुटलं. रॉकेलनं मळ निघतो पण तेलकटपणा मागं राहतो, आणि थिनर रंगावर सांडला तर रंग गेलाच म्हणून समजा. तेल फक्त कॅरेजच्या, म्हणजे कागद धरून सरकणाऱ्या भागाच्या रुळांना, तेपण कापडावर थेंबभर घेऊन.

कॅरेज सरकत नाही म्हणून लगेच स्क्रू काढायला बसू नका. आधी कॅरेज लॉक आणि मार्जिन बघा. आणि मशीन मराठी असेल तर अनुस्वार, उकार असल्या खुणांच्या काही कीनं कॅरेज मुद्दामच हलत नाही, कारण खूण आणि अक्षर एकाच जागेवर उमटायचं असतं, तो बिघाड नाही ओ! कॅरेज उजवीकडं नेताना स्प्रिंगची ओढच लागत नसेल तर मात्र कॅरेजला स्प्रिंगच्या डब्याशी जोडणारी ओढपट्टी तुटलीय. तिच्याजागी गळाची जाड नायलॉन दोरी चालते, पण स्प्रिंगचा डबा अजिबात उघडू नका, आणि दोरी अडकवताना तो घट्ट धरा, सुटला तर गर्रकन फिरतो, बोटं सोलवटतात आणि स्प्रिंगपण जाते. गोदरेजनं १९५५ ला टाइपरायटर बनवायला सुरुवात केली, पण आता बनवत नाहीत, त्यामुळं पार्ट पाहिजे तर दुसरं मशीनच फोडावं लागतं, म्हणून हे एवढं कळकळीनं सांगतोय.

अक्षर उमटतच नसेल तर रिबन बदलायच्या आधी रिबनचा रंग निवडायचा खटका बघा, तो स्टेन्सिलवर, म्हणजे रिबनशिवाय टाइप करायच्या खुणेवर असला की रिबन वर येतच नाही. नवी रिबन अर्धा इंची घ्या, जुने लोखंडी स्पूल टाकू नका, त्यावरच गुंडाळा. रोलर कडक झाला असेल तर एकाऐवजी दोन कागद लावा, आवाजही कमी होतो.

आणि ब चं पोट, क चा गोळा शाईनं भरला की सुईनं उकरू नका, धातूवर ओरखडे पडतात. आयपीएत बुडवलेली लाकडी टूथपिक फिरवा, मग कागदावर ब मारून बघा, पोटातली तिरकी रेघ परत दिसायला लागते.