यंत्रासोबत लिनक्स पाठवताय? परवान्याच्या या चुका टाळा

नाशिकच्या अंबड किंवा सातपूरमधल्या एखाद्या कारखान्यात पॅकिंग मशीन तयार होतं. टचस्क्रीनच्या मागे छोटा बोर्ड, त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि त्यावर कारखान्याचा स्वतःचा प्रोग्राम. मशीन टेम्पोत चढून पिंपळगावच्या पॅकहाऊसला रवाना होतं आणि कारखानदार त्याच दिवशी सॉफ्टवेअरचा वितरकही होतो. ‘लिनक्स तर फुकट आहे’ एवढ्यावर विचार थांबला की इथेच गडबड होते.

फ्री सॉफ्टवेअरमधलं ‘फ्री’ म्हणजे मोफत नव्हे, मुक्त. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला तो चार हक्कांसाठी: प्रोग्राम कोणत्याही कामाला वापरणं, तो वाचून बदलणं, त्याच्या प्रती वाटणं आणि बदललेल्या प्रतीही वाटणं. विकायला बंदी कुठेच नाही. मशीनची किंमत हवी तेवढी लावा. अट एवढीच की जे हक्क तुम्हाला मिळाले, ते तुमच्या गिऱ्हाइकापर्यंतही पोचले पाहिजेत. जीपीएल हा परवाना त्यासाठीच लिहिला गेला. लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे गाभ्याला, त्याची १९९१ ची दुसरी आवृत्ती लागू आहे. कारखान्यात स्वतःपुरतं वापरताना, बदलतानासुद्धा, काही द्यावं लागत नाही. प्रत दुसऱ्याच्या हाती गेली की सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा वाचता-बदलता येणारा मूळ कोड, द्यायची जबाबदारी सुरू होते.

‘सोर्स कर्नलच्या साइटवर आहेच की’

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. तुमच्या बोर्डावरचं कर्नल बोर्ड बनवणाऱ्याने पॅच केलेलं, म्हणजे आपले बदल घालून घेतलेलं, असतं, त्यामुळे मूळ साइटवरचा कोड म्हणजे तुमच्या मशीनमधला कोड नव्हे. द्यायचं असतं ते नेमकं त्याच आवृत्तीचं कर्नल, सगळे पॅच, कॉन्फिग फाइल आणि ते बिल्ड (सोर्सपासून चालणारा प्रोग्राम तयार) व इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्ट. बिझीबॉक्स (लिनक्सच्या छोट्या आज्ञांचा संच), यू-बूट (बोर्ड सुरू करणारा प्रोग्राम) यांचंही तसंच.

बोर्डासाठी लिनक्स तयार करायला बिल्डरूट हे साधन वापरत असाल तर ‘मेक लीगल-इन्फो’ (make legal-info) ही आज्ञा चालवा. पॅकेजांचे सोर्स, परवान्यांचे मजकूर आणि एक यादी एका फोल्डरात जमा होते. मात्र बिल्डरूटचा स्वतःचा सोर्स त्यात येत नाही. तसा इशारा शेवटी छापला जातो आणि तो हमखास नजरेतून सुटतो, म्हणून ते फोल्डर हाताने जोडा. योक्टो या तशाच दुसऱ्या साधनात हेच काम ‘आर्कायव्हर’ हा क्लास करतो. हे सगळं मशीन पाठवायच्या दिवशीच करून ठेवा. सहा महिन्यांनी तीच बिल्ड पुन्हा उभी करायला बसलात तर निम्मे दुवे मेलेले सापडू शकतात.

सोर्स द्यायचे मुख्य मार्ग दोन. एक, मशीनसोबतच पेनड्राइव्हवर द्या. दोन, मॅन्युअलमध्ये लेखी हमी छापा की मागणाऱ्या कोणालाही, फक्त प्रत पाठवायच्या खर्चात, सोर्स मिळेल. ही हमी किमान तीन वर्षं पाळावी लागते आणि मागणारा तुमचा गिऱ्हाईक असलाच पाहिजे असं नाही. छोट्या कारखान्याला पेनड्राइव्हच परवडतो, कारण मशीन दिलं की त्या प्रतीपुरतं काम संपलं. हमी द्यायची तर तीन वर्षं कोणीतरी ती फाइल आणि तो ईमेल सांभाळायला हवा.

बोर्ड परदेशातून आला आणि पुरवठादार सोर्स देत नाही, ही अडचण मशीन विकल्यावर सुटत नाही. खरेदीच्या ऑर्डरमध्येच ‘पॅचसह संपूर्ण सोर्स’ ही ओळ घाला आणि शेवटचा हप्ता तो सोर्स बिल्ड करून पाहिल्यावरच सोडा.

स्वतःच्या प्रोग्रामचा सोर्स उघडा करावा लागेल?

ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. नेहमीच्या सिस्टिम कॉलमधून, म्हणजे कर्नलकडे काम मागायच्या ठरलेल्या वाटेने, चालणारे प्रोग्राम कर्नलच्या परवान्यात येत नाहीत, असं कर्नलसोबतच्या परवान्याच्या टिपेतच लिहिलेलं आहे. धोका असतो तो लायब्ररींचा, म्हणजे आपल्या प्रोग्रामात वापरलेल्या दुसऱ्यांच्या तयार कोडचा. टचस्क्रीनसाठी क्यूट (Qt) ही लायब्ररी वापरली जाते. तिचे बरेच भाग एलजीपीएल या जीपीएलच्या सौम्य रूपाखाली आहेत, म्हणजे डायनॅमिक लिंक करा (लायब्ररी वेगळ्या फाइलमध्ये ठेवून जोडा), लायब्ररी बदलता येईल अशी ठेवा, की तुमच्या प्रोग्रामचा सोर्स बंद राहू शकतो. पण पडद्यावर आलेख दाखवायला क्यूट चार्ट्स हे तिचं मॉड्यूल घेतलंत, तर ते मोफत मिळतं फक्त जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली. एका आलेखापायी सगळा प्रोग्राम जीपीएलमध्ये जातो. म्हणून परवाना लायब्ररीच्या नावावरून ठरवू नका, प्रत्येक मॉड्यूलचा वेगळा तपासा.

आणखी एक न जुळणारी परवान्यांची जोडी: अपाची २.० आणि ‘फक्त जीपीएल दुसरी आवृत्ती’. दोन्ही मुक्त, पण एका प्रोग्रामात एकत्र करून वाटता येत नाहीत. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत अपाचीचा कोड चालतो. एमआयटी परवान्याचा कोड कुठेही मिसळतो, फक्त मूळ लेखकाची कॉपीराइट सूचना आणि परवान्याचा मजकूर काढून टाकायचा नाही.

कोड स्वतः लिहिणाऱ्यांसाठी

गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर टाकलं म्हणजे मुक्त झालं, हा समज चुकीचा आहे. परवान्याची फाइल नसेल तर सगळे हक्क राखीव. परवान्याच्या संपूर्ण मजकुराची फाइल प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरातच ठेवा आणि ‘फक्त हीच आवृत्ती’ की ‘हीच किंवा यापुढची’ हे प्रत्येक सोर्स फाइलच्या वर लिहा. ‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’ अशी ओळ जोडलीत तर ते मुक्त सॉफ्टवेअर राहत नाही, कारण पहिलाच हक्क गेला.

नोकरीत लिहिलेल्या कोडचा मालक, वेगळा करार नसेल तर, भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार कंपनी असते. ती परवानगी देत नाही तोवर तुम्ही लावलेल्या जीपीएलला अर्थ नाही. लासलगावच्या व्यापाऱ्याला स्वतंत्रपणे बिलिंग सॉफ्टवेअर करून देणाऱ्याचं उलट: हक्क त्याच्याकडेच राहतात, लेखी आणि सही करून दिल्याशिवाय जात नाहीत. त्या करारात मुदत लिहिली नाही तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते आणि क्षेत्र फक्त भारत. पुढे तो कोड मुक्त करायचा विचार असेल तर या दोन ओळी करारात हव्यातच.

चूक झालीच असेल तर

आधी पाठवणं थांबवा, मग सोर्स पूर्ण करा आणि जुन्या गिऱ्हाइकांनाही पाठवा. जीपीएलच्या २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत सवलत आहे: पहिल्यांदाच नोटीस आली असेल आणि ३० दिवसांत दुरुस्ती केली, तर हक्क कायमचे परत मिळतात. दुसऱ्या आवृत्तीत अशी सवलत नाही, अट मोडताच हक्क संपतात. कर्नलच्या अनेक विकासकांनी २०१७ साली निवेदन काढून आपल्या कोडपुरती तीच सवलत दिली. बिझीबॉक्ससारख्या इतर भागांना ती आपोआप लागू होत नाही, त्यामुळे त्यांचा सोर्स सगळ्यात आधी पूर्ण करा.